गडग्यातली वाट

६ फेब्रुवारी, गुरुवार

आरोंद्याला पोचले एकदाची. सावंतवाडी स्टेशनपासून रिक्षावाल्यानं मासे कसे पारखावेत याचा फुकट शिकवणीवर्ग घेतला. मी मान डोलावत होते, कारण कोल्हापूरकरणीला मटणापलीकडचं काही कळत नाही हे त्याला सांगायची सोय नव्हती.

घर खाडीकाठी आहे. चिऱ्याचं, नुकताच रंग दिलेलं. मागं माड आणि भोवती छातीइतका दगडी गडगा. घरधनी नाना येत्या महिन्यात पंचाहत्तर पुरे करतात. पणजीला असणाऱ्या त्यांच्या लेकीनं, सलोनीनं, माझ्याकडून अल्बम मागवलाय. नुसते फोटो चिकटवलेला नको, मधलं पान उघडलं की अख्खं घर कागदातून उभं राहिलं पाहिजे. तेही इथल्याच झाडापाल्याच्या कागदातून. म्हणून माझा क्लास बंद ठेवून, जाळ्या-चौकटी, कात्र्या घेऊन इथं आलेय.

स्वयंपाकाला कृष्णाबाई येते. दुपारी तिनं बांगड्याचं तिखलं वाढलं आणि मी बोटं चाटून खाल्लं. एकच चुटपूट आहे. सृष्टीला माझ्या भावाकडं, निकेतकडं ठेवलंय. सात वर्षांची झाली तरी पोरगी माझी ओढणी मुठीत धरूनच झोपते. तिचे बाबा गेल्यापासून तिला मी आणि मला ती. रविवारी, सोळा तारखेला, परत येते असं तिला तीनदा कबूल करून आलेय.

८ फेब्रुवारी, शनिवार

कालपासून लगदा चाललाय. केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालींचे, तुकडे सोडा घालून शिजवले, त्यात घरातल्या जुन्या लग्नपत्रिका भिजवून कुटल्या. पाण्यात जाळी बुडवून हलक्या हातानं वर उचलायची आणि पाणी निथळू द्यायचं. मग तो ओला ताव फडक्यावर उलटा करायचा, वर चिरे ठेवून दाबायचा आणि पडवीच्या भिंतीवर वाळवायचा. आमसुलाच्या पाण्यात बुडवलेले ताव तर कौलांच्या रंगाचे झालेत. कृष्णाबाई म्हणते, ही बाई पापड घालता काय कागद, काय कळणा नाय.

नानांनी संध्याकाळी सगळा परिसर दाखवला. गडग्याला मागच्या बाजूला माणूसभर रुंदीची फट आहे. मी म्हटलं, एवढं नेटकं कुंपण आणि दगड पडलाय तो बसवला का नाही? तर म्हणाले, ती पडझड नव्हे, ती देवचाराची वाट. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. घोंगडं पांघरून, हातात काठी घेऊन रोज तिन्हीसांजेला फाटकातून येतो, घराला एक फेरी घालतो आणि त्या फटीतून खाडीकडं जातो. सलोनीच्या आजोबांनी गडगा बांधला तेव्हा सुद्धा वाट सोडूनच बांधला. मला हसू आलं, पण दाबलं. आपण पाहुणे, देश तसा वेश.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सगळे भाग कापले. उतरतं छप्पर, ओटी, खांब, तुळस. सगळी युक्ती गडग्यात आहे. त्याची पट्टी दोन्ही पानांना चिकटते आणि पान उघडलं की तीच घराला ओढून उभं करते. फाटक मात्र मी खेळातलं केलंय. बाहेरून बोटानं ढकललं की आत जातं आणि आपोआप मिटतं.

माणसंही केली. ओटीवर नाना आणि कृष्णाबाई. गंमत म्हणून नानांच्या शेजारी एक मी, मांडीवर कागद घेऊन बसलेली. मग राहवलं नाही, तुळशीजवळ दोन वेण्यांची सृष्टी लावली. सलोनीला देण्याआधी काढून घेईन. खळ मात्र मोरचूद घालून पक्की शिजवलीय, तेव्हा काढताना कसब लागणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नानांना कच्चं पान दाखवलं. म्हातारा बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. कौतुक ऐकायला मला आवडतं, त्यामुळं मी पण जरा फुगले.

मग म्हणाले, नव्या कामाला गाऱ्हाणं घालूया. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं केलेली विनवणी. फटीजवळच्या दगडावर नारळ, विडी आणि माझं कागदी घर ठेवलं. म्हणाले, ह्या कागदाचा घर ता आमचाच घर मानून घे रे म्हाराजा. जा येतला ता येवंदे, घरातला कायएक भायर जावंक देव नको. कृष्णाबाई मागून होय म्हाराजा म्हणत होती. घरची बरकत घरात राहावी एवढाच त्याचा अर्थ. मला फार गोड वाटलं.

उठताना माझ्याकडं वळून म्हणाले, कागदातसुद्धा वाट बुजव नको गो बाये. मी हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नाना सकाळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पणजीला गेले. जायच्या आधी पानावरची त्यांची आकृती खिशात घालून नेली, लेकीला दाखवायला म्हणून. कृष्णाबाईनंही तिची मागून घेतली. त्या दोन नुसत्या टोकाला चिकटवल्या होत्या, निघाल्या सहज.

दिवसभर पान छळत होतं. मागं फट ठेवली की पट्टीला ताण राहत नाही आणि घर एका अंगाला कलंडतं. वाकडं काम मला बघवत नाही. तिन्हीसांजेला शेवटी फटीवर तुकडा लावून पट्टी सलग केली. आता घर कसं ताठ उभं राहतं. फट वरून रंगवून दाखवीन, कोण बोट घालून बघणार आहे.

खळ लावत होते तेव्हाच मागच्या दारी काठी वाजल्यासारखं झालं. माडाची झावळी असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कृष्णाबाईच्या हाकेनं जाग आली. मागं गेले. ती गडग्याच्या पलीकडं उभी होती आणि फट नव्हती. दगड होते, शेवाळ धरलेले, जन्मापासून तिथंच असल्यासारखे.

अगो बाये, वाट खंय गेली, म्हणून ती ओरडत होती. मी चार हात अंतरावर उभी राहून उत्तर देत होते. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. नानांक कळवक होया, असं पुटपुटत पळाली.

फाटकाची कडी आतून हलत नाही. गडग्यावर चढले, पलीकडं उतरले आणि पाय अंगणातच टेकले. पुन्हा केलं. पुन्हा आतच. चुलीचा धूर सुद्धा घरातच कोंडून राहिलाय. फोनवर मेसेज येतात, माझे जात नाहीत. जे येतं ते येतं, बाहेर काही जात नाही. नानांनी मागितलं होतं तेच झालंय.

आणि तोही आतच आहे. त्याची वाट मी बुजवली.

दुपारी निकेतचा मेसेज आला. फोन का उचलत नाहीस, सृष्टीनं धोशा लावलाय, रविवारी आम्हीच तुला न्यायला येतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी एक कुत्रं फाटक ढकलून आत आलं. मागं फाटक मिटलं. ते ओटीवर माझ्या पायांशी येऊन बसलं आणि त्याची मान हळूहळू फिरत राहिली. डावीकडून उजवीकडं. घराच्या मागं. मग पुन्हा डावीकडून. काठीचा आवाज भर उन्हात येतोय. दर फेरीला जवळ.

दुपारी कुत्रं घाबरून फाटकाकडं पळालं, काठीच्या वाटेत आलं. तिथंच पडलंय. हलत नाही. अंगणात आता मी उतरत नाही.

सृष्टीला पानावरून काढायचं ठरवलं. म्हणजे ती येणारच नाही. ओल्या कापसानं खळ भिजवली, चिमट्यानं सोडवायला लागले. उजवा पाय घोट्याशी फाटला. लगेच हात काढला.

थोड्या वेळानं मेसेज. सृष्टी जिन्यावरून पडली, उजवा पाय दुखावलाय, पट्टी बांधलीय. तरी येणारच म्हणते.

आता तिला हात लावणार नाही. मीच फाडला गं पाय तुझा. मी.

संध्याकाळी पट्टीवर जोडाच्या जागी कटर लावला. नखभर चीर गेली आणि स्वयंपाकघराचे वासे कौलांसकट खाली आले. हात थांबवला. मलाच माहीत आहे, पट्टी सुटली की घर उभं राहत नाही. ओटीवर मी आहे, त्याच पक्क्या खळीनं चिकटलेली. पान मिटायची तर हिंमतच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मेसेज आला, सावंतवाडी सोडली.

दगडाला चिठ्ठी बांधून फेकली. माझ्याच पायाशी पडली. कृष्णाबाई सकाळपासून गडग्यापलीकडं हात जोडून उभी आहे. तिला वाटतं मी घर सोडून गेले. ती फाटकाकडच्या रस्त्यावर नाही, मागं आहे. अडवायला कुणी नाही.

तो ओटीच्या पायरीशी थांबलाय. घोंगड्याला खाडीच्या चिखलाचा वास. आत येत नाही. माझ्या हाताकडं बघतोय, कटरकडं. त्याला जायचंय फक्त.

मलाही जायचं होतं रे.

निकेत, वाट उघडली की ही वही तरी बाहेर येईल, म्हणून लिहितेय. अल्बम सापडला तर सृष्टीची आकृती काढू नका. पाण्याजवळ नेऊ नका. फाटलेल्या पायाला मागून पातळ कागद लाव, खळ कमी, हळू—

रिक्षा वाजली.

दिसतेय. लंगडतेय. माझी हिरवी ओढणी गळ्यात. आई म्हणून हाका मारतेय. येऊ नको म्हणतेय मी, ओरडतेय, तिला ऐकू जात नाही—

निकेत पैसे देतोय. ती थांबत नाही. फाटकावर हात ठेवलाय—

कटर जोडावर आहे. सोन्या, मागं हो, घर पडेल, मागं—

चीर गेली. अर्धी. वरती खांब वाजतोय. अजून थोडी, अजून