चौकट सरळ येईना

४ जून, मंगळवार

परत तेच! विक्रीच्या फ्लॅटचे काढलेले सगळे फोटो तिरके. एजंटसाहेबांचा फोन – "मॅडम, घर विकायचंय, पाडायचं नाहीये. भिंती कलंडल्यात की!" हसत म्हणाले, पण ते हसू मी ओळखते. आधीच्या फोटोग्राफरशीही ते असंच हसायचे, आणि मग त्याचं काम माझ्याकडे आलं.

५ जून

आज मुद्दाम लक्ष दिलं. कॅमेऱ्याला डोळा लावला की दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते. मी शहाणी ती सरळ करायला कॅमेरा तिरका धरते, आणि फोटोत आख्खी खोली कलते! म्हणजे कॅमेराच बिघडलाय. दुसरं काय असणार?

७ जून

दुरुस्तीवाले काका म्हणतात, "काही झालेलं नाही गं. ठणठणीत आहे." डोंबलाचं ठणठणीत! भांडून आले. रस्त्यात रडू फुटलं, रुमालही नव्हता.

८ जून

नवरा – "मग घे की नवीन. एवढं काय त्यात?"

एवढं काय! याच कंपनीचा घेतला तर तोही असाच बिघडेल, आणि कंपनी बदलली की माझ्या सगळ्या लेन्स बाद. त्या विका, नव्या घ्या, बटणं पहिलीपासून शिका. या कॅमेऱ्याची बटणं मला न बघता सापडतात. नव्यावर हात बसलाच नाही तर? त्याला वाटतं मी खर्चाला घाबरते. खर्च गेला खड्ड्यात. मला काम येईनासं होईल, याची भीती वाटते. हे त्याला नाही सांगितलं.

९ जून

भाजीत दोनदा मीठ घातलं. नवरा मुकाट्याने जेवला. त्यानेच जास्त घाबरले.

११ जून, मंगळवार

दुकानात जाऊन आले. नव्या कॅमेऱ्यांत आत एक रेघ दिसते, कॅमेरा सरळ धरला की ती हिरवी होते. नेहमीसारखा डावा डोळा मिटून दुकानाच्या दारावर रोखला. रेघ हिरवी. चौकट वाकडी!

"हा पीस खराब आहे," म्हटलं. दुकानदाराने दुसरा दिला. तसाच. मग दुसऱ्या कंपनीचा काढायला लावला. तोही तसाच!

"ताई, तिन्ही कसे खराब असतील?"

"हल्ली मालच तसा येतो!" असं म्हणून तरातरा निघाले. जिना कठडा धरून उतरले. काहीतरी भयंकर आहे आणि मला ते बघायचं नाहीये.

१२ जून

ठरलं. जुनाच ठेवायचा. वाकडं दिसलं तरी कॅमेरा सरळच धरायचा, बस्स. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं, सुटलीस." सुटले कसली!

१३ जून

सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. तो घट्ट मिटून टॉवेलसाठी वळले. बाथरूमची चौकट मधोमध वाकलेली. डावा धुतला, उजवा मिटून बघितलं – सरळ. परत डावा मिटला – वाकडी.

हातात टॉवेल होता. कॅमेरा कपाटात. नवऱ्याला ओरडून हाक मारली.