चुनखडीतली संत्री

३ तारीख, मंगळवार

पोहोचले. बाबा फाटकात उभे. फाटक म्हणजे दोन खांब आणि मधे एक तार. "ये, ये! ही सगळी आपली!" — हात असा फिरवला की क्षितिजही खरेदीखतात आलं असावं.

कोरडा माळ. बुटकं गवत, विखुरलेली झुडपं, सगळीकडे खडी. गाडीतून उतरल्यावर पायाखाली करकरलं आणि मला संशय आला. पण पायाखालच्या आवाजावरून अहवाल देत नाहीत.

एक खोली, वर पत्रा, दोन खाटा. आई शहरात मावशीकडे. "त्या दगडांत मी यायची नाही. संत्री लागली की कळवा!" हे बाबांनी मला हसत सांगितलं. पण दोनदा सांगितलं.

रोपं पुढच्या शुक्रवारी येणार. त्याआधी मी माती बघून 'हो' म्हणायचं. माती तपासणं ही माझी नोकरी, बोलावणं त्यासाठी आहे.

४ तारीख

पहिला खड्डा. बाबांनी मला कुदळीला हात लावू दिला नाही. सगळी नोकरी लेथवर गेली त्यांची. खड्ड्याच्या भिंतीसुद्धा गुण्या लावल्यासारख्या. "काटकोन बघ, मॅडम!"

बघितला. वर वीतभर करडी माती, निम्मी खडी. त्याखाली रंग फिकट होत जातो. खडे काढून उलटे केले: प्रत्येकाच्या पोटाला पांढरं पुट, पाठ स्वच्छ. पाणी खाली झिरपताना विरघळलेला चुना सोबत नेतं, खड्याच्या बुडाला लोंबतं, वाळतं आणि चुना तिथंच राहतो. असं शतकानुशतकं. आणखी हातभर खाली पहार घातली — टण्ण! पांढरा, सलग, घट्ट थर.

"फरशी घालून ठेवलीय का कुणी?" बाबा.

आम्लाचे दोन थेंब टाकले. माती फसफसून वर आली. बाबा गुडघ्यांवर बसले. "अगं, बोलते की ही! जिवंत आहे माती!" मग बाटली त्यांच्याच ताब्यात. हातमोजे घालायला लावले तेवढं ऐकलं. संध्याकाळी मेंढ्या घेऊन शेजारीण आमच्या माळावरून चालली होती, तिलाही थांबवून प्रयोग दाखवला. ती पदर तोंडाला लावून हसली. "भाऊ, पोरीनं सोडा टाकलाय त्यात!"

जितका फेस जास्त, तितकी ती संत्र्यांना वाईट. हे मी तिथंच म्हणायला हवं होतं. ऑफिसात एका वाक्यात म्हटलं असतं.

५ तारीख

सांगितलं नाही.

६ तारीख

आणखी तीन खड्डे. सगळीकडे तेच. उताराच्या पायथ्याला माती जरा खोल निघाली. पहार आत जात राहिली, जात राहिली... आणि टण्ण. मी श्वास रोखला होता, हे तेव्हा कळलं. आमच्या कार्यपद्धतीत श्वास रोखणं नाही.

आईचा फोन. "काय म्हणतेय जमीन?"

"बघतेय."

"तुझं नेहमीचंच! दाढ सुजून गाल एवढा झाला होता, तेव्हाही 'बघतेय' म्हणायचीस. ह्यांना काय ते स्पष्ट सांग. निवृत्त झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा सकाळी शीळ घालतोय म्हणे."

मग सांगायचं की नाही? तिनं एका दमात दोन्ही सांगितलं.

८ तारीख

उठले तर बाबा खाटेवर नव्हते. माळावर दोऱ्या ताणलेल्या, खुंट्या ठोकलेल्या, आणि पहिल्या ओळीत खड्डे सुरू. हाताला फडकं गुंडाळलेलं. सोडून बघितलं: तळव्याचे फोड फुटले होते. पांढरा थर पहारीनं फोडत होते!

मलम लावता लावता सांगितलं. आवाज ऑफिसातला निघाला, दुसरा काढता येईना.

"बाबा, इथं संत्री जगणार नाहीत."

"थर फोडतोय ना मी."

"थर हा अर्धा प्रश्न. खडीत पाणी टिकत नाही. आणि वरच्या मातीतही चुना आहे. पानं पिवळी पडतील, नुसत्या शिरा हिरव्या राहतील. झाडाला लोह मिळणार नाही."

"लोह?" चेहरा उजळला. "एवढंच ना! कारखान्यातून लोखंडाचा कीस पोत्यांनी आणतो. आयुष्यभर तोच तर पाडला!"

मला हसू आलं आणि फार वाईट वाटलं, एकदमच. "लोह मातीत आहे बाबा. भरपूर आहे. चुन्यामुळे ते विरघळत नाही, म्हणून मुळांना घेता येत नाही."

"म्हणजे आहे, पण मिळत नाही."

"हो."

"तुझ्यासारखं."

चिडून नव्हते बोलले. त्यांनी हात सोडवून घेतला, मलमाचं झाकण लावलं, आणि दोऱ्या सोडायला गेले. मी खुंट्या उपटल्या. दोऱ्या मात्र त्यांनी नीट गुंडाळल्या, गाठ न पडू देता.

९ तारीख

शीळ नाही.

१० तारीख

रोपवाटिकेला फोन केला त्यांनी. मी खोलीत होते, ते बाहेर, पण पत्र्याच्या घरात बाहेर असं काही नसतं. "हो, रद्दच... नाही हो, तुमच्या रोपांत काही खोट नाही. जमीन तशी आहे. माझी मुलगी यातली तज्ज्ञ आहे. तिनं तपासली." हे शेवटचं वाक्य समोरच्यानं न विचारता सांगितलं.

वाटलं, बाहेर जाऊन काहीतरी म्हणावं. भांडी घासली.

११ तारीख

शेजारीण सकाळीच आली. मेंढ्या पुढे पांगलेल्या. थेट माझ्यापाशी. "ताई, बागेला कुंपण घालणार ना? मग आम्हाला खालून वळसा पडेल. आत्ताच सांगा, म्हणजे कळप विकायचा की ठेवायचा ते ठरवीन. माझे गुडघे काही वळशाचे राहिले नाहीत."

"बाग होत नाही," बाबाच म्हणाले. आणि मग तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे वळून: "मॅडम, ही संत्र्याला वाईट. मग कशाला चांगली?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं कधी. ऑफिसात 'योग्य' आणि 'अयोग्य' असे दोनच रकाने. मी खड्ड्यात उतरले आणि दाखवत गेले. गवताच्या मुळ्या केसांएवढ्या बारीक, खडीच्या फटीफटीतून पसरलेल्या. हलकी सर आली तरी पाणी वाहून न जाता आत शिरतं. वरची खडी ऊन अडवते, खालची ओल उडू देत नाही. या गवताला चुन्याचं वावडं नाही. नांगरली तर मात्र ही माती वर्षात उडून जाईल. न नांगरता, बेतानं चारली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. किती वेळ बोलत होते कोण जाणे. वर बघितलं तर दोघं काठावर बसून ऐकत होती, आणि एक मेंढीसुद्धा.

"म्हणजे मी बाग नाही, कुरण घेतलंय," बाबा सावकाश म्हणाले.

"मग कुंपण?" शेजारीण.

"कुणाला अडवायचं? तुम्हाला?"

ती उठली, गुडघे धरून. "संत्री नाहीत तर नाहीत भाऊ. थंडीत लोकर देईन. सोलावी लागत नाही!"

बाबा हसले. थोडेच, पण हसले.

१२ तारीख

उद्या निघायचं. आईला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, दलालानं फसवलं बाबांना.

"दलाल कशाला फसवेल? त्यानं काळ्या मातीची दाखवली होती, विहिरीसकट. ह्यांनीच नको म्हटलं. खडीची हवी, खाली पांढरा थर असलेली. दलाल वेडा झाला शोधून! मला म्हणाले, पोरगी तीन वर्षं फोनवर असल्या मातीशिवाय दुसरं काही बोलली नाही, म्हणजे किती चांगली असेल ती माती."

तीन वर्षं मी कामावरच्या त्या मातीबद्दलच बोलत होते, कारण मग कुणी दुसरं काही विचारत नाही.

ती चांगली असते, असं मी एकदाही म्हटलेलं नाही. वाईट असते, असंही नाही.