मोजणीचा डबा आणि जावयांची कंपनी

मी, एउलोहिया बोगादो, विधवा, निवृत्त रसायनशिक्षिका, राहणार सान लाम्बेर्तो, पाराग्वे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. जावई वाल्देमार यांचं मत वेगळं आहे. पण ते इंटरनेट कंपनीत नोकरीला आहेत, तेव्हा त्यांच्या मताचं काय घेऊन बसलात!

एक. राहते घर मुलगी रोसाल्बा हिला, एकटीच्या नावावर. परसातल्या भट्टीत चिपाचे चीजपाव भाजायचा हक्क शेजारीण पोर्फिरियाचा. जावयांनी मध्ये तोंड घालू नये.

दोन. नेट रडतंय म्हटलं की वाल्देमार कंपनीचंच पान उघडून वेग दाखवायचे. "बघा सासूबाई, पळतंय की नाही!" पळणारच. ते पान कंपनीच्याच इमारतीतल्या यंत्रापर्यंत मोजतं. ओसरीवरून अंगणात जाऊन यायचं आणि तीर्थयात्रा झाली म्हणायचं, तसलं ते. म्हणून मी एका छोट्या संगणकाच्या डब्यात फुकटचा प्रोग्राम घातला. त्याचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. तो पार देशाबाहेरपर्यंत मोजतो आणि आकडे चारचौघांत मांडतो. कंपनीचं पितळ उघडं पडलं.

मग काय, डब्याचे आकडे चांगले दिसावेत म्हणून कंपनीनं फक्त माझीच लाईन सुसाट केली! डबा माझ्याकडे आहे हे घरभेद्याशिवाय कोण सांगणार?

पोर्फिरिया तेरेरेचा, म्हणजे आमच्या गार चहाचा, थर्मास घेऊन माझ्या अंगणात येते, स्पेनमधल्या नातीशी बोलायला. तिच्या घरी नातीचं तोंड अर्ध्या शब्दावरच थिजतं. परवा म्हणाली, "तू गेलीस की माझी नातही गेली बघ." हसत म्हणाली, पण मी लगेच नोटरींना बोलावलं.

तीन. डब्यातला प्रोग्राम गल्लीतल्या प्रत्येक घराला, पूर्णच्या पूर्ण. नोटरी वैतागले, "अहो बाई, एकच वस्तू सगळ्यांना पूर्ण कशी देणार?" अहो, तो कोणाच्या बापाचा नाही, हव्या तेवढ्या नकला काढा. मी काढल्या, घरोघर बसवल्याही. आता कंपनीनं कोणाकोणाची लाईन सुसाट करायची ती करावी.

चार. माझी अंत्ययात्रा पोर्फिरियाच्या दारावरून न्यावी आणि तिच्याच लाईनवरून नातीला दाखवावी. चित्र अडकलं तर तिथंच थांबावं, आणि ते हलेपर्यंत वाल्देमार यांनी शवपेटी खांद्यावरून उतरवू नये. मी हलकी नाही.

आमची अख्खी गल्ली वारस, म्हणून साक्षीदार पलीकडच्या गल्लीतले:
सेल्सा ओर्तेगोसा, शिंपीण (सही)
फुल्हेन्सियो आरेको, न्हावी (सही)

एउलोहिया बोगादो (सही)
सान लाम्बेर्तो, ११ ऑगस्ट २०२३