वाटीसारखी चंद्रकोर

मंगळवार, ९ जुलै

प्रिय शेंडेफळा,

खुशाल असशील. तीन वर्षं तुझं उत्तर नाही, तरी लिहितेय. मास्तरीण आहे, एकच गोष्ट शंभरदा सांगायची सवय आहे. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तुझं नाव काढत नाहीत, पण फोन वाजला की आधी तेच उठतात.

शाळेला दुर्बीण काही मिळाली नाही. मी अजून ते फुकटचं सॉफ्टवेअरच वापरते. जागा टाकायची, तारीख टाकायची, की त्या वेळचं तिथलं आकाश पडद्यावर हजर. भर दुपारी खिडक्यांना काळी कापडं लावते. शनीची कडी मोठी करून दाखवली की चाळीस वात्रट पोरं चिडीचूप होतात. मीही होते, दर वर्षी.

काल म्हटलं, ऐकीव गोष्ट तपासायची कशी ते दाखवू. बाबांचीच गोष्ट घेतली, तुला पाठ आहे ती. तू जन्मलास तेव्हा ते जहाजावर स्वयंपाकी होते. निरोप मिळाला, डेकवर आले, तर चंद्रकोर वाटीसारखी आडवी आणि बरोब्बर तिच्यावर शुक्र. मी तारीख टाकली. कोर तिरकी, शुक्र बाजूला. "बघा, माणसं अशी रंगवून सांगतात," मी म्हणाले.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "बाई, पण ते जहाजावर होते ना? तुम्ही तर आपलंच गाव ठेवलंय."

बरोबर होतं तिचं. 'आधी जागा, मग तारीख' म्हणून वर्षभर मीच कानीकपाळी ओरडत असते.

घरी येऊन बाबांचं नोकरीचं जुनं पुस्तक काढलं. त्या तारखेला एका बंदराचा शिक्का होता, अगदी विषुववृत्ताजवळच्या. लॅपटॉपवर तेच टाकलं. आकाश हळूहळू फिरलं, कोर कलत कलत पार आडवी झाली आणि शुक्र तिच्यावर येऊन थांबला. अंगावर काटा आला रे. बत्तीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी होती, बाबांनी सांगितली तशीच, तसूभरही फरक नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तीन वर्षांपूर्वी त्या तारखेचं आकाश तुला मीच दाखवलं होतं. "बाबांची थाप पकडली," असं हसत म्हणालेही मीच. तू ते मनाला लावून घेतलंस. जेवताना त्यांना तोंडावर म्हणालास, की त्या दिवशी तुम्ही कुठे होता देव जाणे, आणि बॅग उचलून गेलास. मी गप्प बसले. तेव्हाही गाव आपलंच ठेवलं होतं. चूक माझी, आणि भोगतायत ते.

बाबांना दाखवलं. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी शुक्र दाखवला. मग म्हणाले, "त्याला तिकडे दिसेल का हे?"

दिसेल, म्हटलं. बंदराचं नाव आणि वेळ त्यांनीच लिहून दिलीय, चिठ्ठी सोबत आहे. आधी जागा, मग तारीख. बघून झालं की घरी फोन कर. मी उचलणार नाही.

जागा बदलायला विसरलेली,
तुझी ताई