नाडी मी धरली

कोल्हापूर, २ फेब्रुवारी

आये, तुझ्या नम्रताचा पाया पडून नमस्कार. मी बरी हाय, टायमावर जेवते. रत्नाताई, हे आयेला वाचून दाखव, काय गाळू नको.

काल नर्सिंग कॉलेजची आमची ड्यूटी दवाखान्यात होती. पेशंटला भेटायला आलेली एक बाई भिंतीला टेकली नि म्हणाली, "एकदम धूसर दिसतंय गं, छातीत धडधडतंय." तिला उपास होता, म्हणून सगळे म्हणाले, उपासाचा अशक्तपणा. मी तिला बसवलं, नाडी धरली. जोरात चाललेली, पण मध्येच अडखळायची. मी धावत जाऊन डॉक्टर मॅडमना सांगितलं.

साखर उतरली, रक्त कमी, प्रेशर, भीती, कायपण असू शकतं, म्हणून मॅडमनी सगळं तपासलं. ईसीजी काढला तर हृदयाचे ठोकेच बिघडलेले. लगेच उपचार सुरू केले. आज ती बाई नीट बघते, हसते.

मॅडमना ठाऊक होतं, तरी त्यांनी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, "नाडी कोणी बघितली?"

"मी."

"गाव कुठलं तुझं?"

मी मोठ्यानं सांगितलं, "शहापूर तालुका, आटगावजवळची कातकरवाडी." आये, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

आता तुझं. वीटभट्टीवर तुझ्या डोळ्यांपुढं अंधारी येते, छाती उडते, नि तू ऊन लागलं म्हणतेस. फोनवर विचारलं का शेळ्यांचं सांगत बसतेस. शेळ्या बऱ्या हायत ना? मग उद्याच ताईसंगती सरकारी दवाखान्यात जा. कारण अंदाजानं कळत नाय, तपासावंच लागतं. तिथल्या सिस्टरला सांग, माझी लेकपण सिस्टर होणार हाय.

तुझीच,
नम्रता