रुवीच्या स्टँडवरचे कंट्रोलर

६ जानेवारी २०१३, मस्कत

काल पोचलो. विमानात वि.ने हवाई सुंदरीला विचारलं, "पेणला गाडी किती वेळ थांबेल?" ती हसली, पाणी देऊन गेली. शेजारचा गुजराती तर पोट धरून हसला. हीच पंचाईत आहे. सगळा जन्म एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस असं काही बोलला की लोकांना विनोद वाटतो. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात याला आग्रह व्हायचा, "विनायकराव, स्टँडवरची अनाउन्समेंट होऊन जाऊ दे!" आता कोणी आग्रह करत नाही तरी ती होते.

अभिजित न्यायला आला होता. बापाला मिठी मारली, मग मला म्हणाला, "बाबा तर मस्त आहेत की! तू फोनवर काय काय सांगतेस!" म्हटलं, आठवडाभर बघ, मग बोल. त्यासाठीच आलेय. किल्ले बघायला नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हे विसरणं वाढतच जाणार. चिरंजीवांना फोनवर पटत नाही. डोळ्यांनी दिसलं की पटेल.

७ जाने.

सकाळी वि. गॅलरीत उभा. "सुमे, कर्नाळा आज स्वच्छ दिसतोय." समोर उघडाबोडका डोंगर. गवताची काडी नाही.

"हा ओमान आहे."

"हो का?" अगदी सभ्यपणे. मग पुन्हा तिकडेच बघत, "सुळका ढगात गेला वाटतं."

ढग कुठले आलेत इथे? चिडले. मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडले.

खरं लिहायचं तर घरं ठेंगणी, पांढरी. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, मागे डोंगर, खारा वारा. आमच्या गच्चीतूनही पूर्वी असंच दिसायचं. आता समोर टॉवर आहे. कर्नाळा बघायचा तर त्या टॉवरमधल्या कुणाच्या तरी बेडरूममध्ये जावं लागेल.

८ जाने.

सूनबाईंनी सुट्टी काढून मोठी मशीद दाखवली. आत जाताना मृणाल मला डोक्यावरून ओढणी कशी घ्यायची ते समजावू लागली. अगं, नन्सच्या शाळेत वाढलेय मी. डोकं झाकून, तोंड मिटून रांगेत चालणं मला शिकवू नकोस. संगमरवर सुंदर. झुंबर अवाढव्य. वि. चपला काढून आत आला, हात वर करून चाचपडायला लागला. "घंटा कुठे गेली?"

मृणाल: बाबा इतके फनी आहेत ना!

मी: फनी नाहीत. आजारी आहेत.

घरी आल्यावर ती अभिजितला स्वयंपाकघरात सांगत होती की आई जरा अतीच करतात, बाबांना सारखं तोडतात. हे इंग्रजीत. जणू ते फक्त यांनाच येतं. पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये साहेबलोकांचे ट्रंक कॉल जोडण्यात माझे केस पांढरे झाले, हे सूनबाईंना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

१० जाने., गुरुवार

इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी. चौघं मस्कतच्या जुन्या मुत्राह बाजारात. छप्पर घातलेल्या गल्ल्या, ऊद, कापडाचे तागे, शेजारी सुक्या मासळीचा वास. वि. झपाझप पुढे. पनवेलला हल्ली घरातलं न्हाणीघर सापडत नाही या माणसाला, आणि इथे डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आम्ही मागून धावतोय. अभिजित कौतुकाने, "बघ आई, बघ!"

एका अत्तराच्या दुकानापाशी थांबला. दुकानदार पनवेलच्या मोहल्ल्यातला निघाला, सलीम. बाप टपाल नाक्याजवळ छत्र्या दुरुस्त करायचा. वि.ने विचारलं, "अब्बा कुठायत? माझी छत्री दिलेली आहे." सलीमने हातातली अत्तराची बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "हाय ना काका, आतमदी नमाज पडतायत. छत्री उद्या घेऊन जावा."

वि. समाधानाने स्टुलावर बसला. मी सलीमला बाजूला घेऊन विचारलं, वडील असतात का इथे? "नाय ताई, ते तर कवाच अल्लाला प्यारे झाले." मग खोटं का बोललास? "आमी बोललो असतो ना, तर काका आत्ता इथं रडले असते. उद्या परत विचारतील, परत रडतील."

माझ्या नवऱ्याला काय सांगायचं ते आता अत्तरवाले ठरवणार! सांगितलं त्याला तसं. त्याने ऐकून घेतलं, चहा मागवला. चहा चांगला होता. प्यायले.

११ जाने.

काय झालं ते नीट लिहून ठेवते, कारण उद्या जो तो आपल्या परीने सांगेल.

दुपारी रुवीला गेलो होतो. मृणालला मिठाई घ्यायची होती. शेजारी बसस्टँड. बांगलादेशी, पाकिस्तानी मजूर, बोचकी, ब्लँकेटं, लांब गावांच्या बसेस. वि.चा हात माझ्या हातातून सुटला. बघते तो फलाटावर, पाठ ताठ, एक हात मागे. आणि तो आवाज: "अलिबाग, रेवदंडा, मुरूड! अलिबाग, रेवदंडा, मुरूड! फलाट तीनवर लागत आहे. प्रवाशांनी सामान सांभाळावं!"

लोक उठले. बोचकी उचलली. एक दाढीवाला पठाण अदबीने, "चाचा, सोहार वाली किधर लगेगी?" "बैठो. लगेगी तो आवाज दूँगा." पठाण बसला! दोघं तिकिटाच्या खिडकीशी भांडत होते, त्यांना वि.ने रांगेत उभं केलं. ते राहिले.

हा आवाज मी पहिल्यांदा एक्स्चेंजच्या बोर्डावर ऐकला होता. "पनवेल डेपो. अलिबाग द्या, ताई." माझे वडील म्हणाले होते, कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं ते बसस्टँडवर द्यायला का? त्या आवाजापुढे वडिलांचं काही चाललं नाही.

अभिजित फोनवर व्हिडिओ घेत होता. हसून हसून डोळ्यांत पाणी. मृणाल टाळ्या वाजवत होती. "वन्स मोअर, बाबा!" मी ओरडले, "अरे, तो करून दाखवत नाहीये! तो ड्यूटीवर आहे!" कोणालाही ऐकू गेलं नाही.

निघायला तयार नव्हता. म्हणाला, पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय स्टँड सोडता येत नाही. शेवटी मी म्हटलं, "मी आलेय पुढच्या पाळीची. चार्ज द्या." दिला. काय काय बाकी आहे ते सांगितलं, आणि मुकाट गाडीत बसला.

सलीमने केलं तेच मीही केलं. लिहिताना लक्षात आलं.

१२ जाने.

अभिजितला समोर बसवलं. तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, हसू न देता. शेवटी वि. कॅमेऱ्याकडे वळून विचारतो, "तुम्ही कुणाकडचे?" स्वतःच्या मुलाला. काल हे हसण्यात बुडालं होतं. अभिजितने फोन उलटा ठेवला. रडला थोडा. मला वाटलं, आता काम झालं.

डोळे पुसून म्हणतो, "पण आई, ते इथे खूश आहेत. त्यांना हे पनवेल वाटतंय तर वाटू दे. तुम्ही इकडेच या, कायमचे."

"आणि दिवसभर त्यांच्याकडे बघणार कोण?"

"तू आहेस ना."

"म्हणजे तुम्ही दोघं दाराला कुलूप लावून जाल आणि आम्ही गॅलरीत कर्नाळा बघत बसू."

"मग काय करू? नोकरी सोडून येऊ?"

हो म्हणणार होते. आलं नाही तोंडातून. व्हिसाची कागदपत्रं करायची आहेत म्हणे, महिनाअखेर कळव. मुलाने बघावं म्हणून आणलं होतं. त्याने पाहिलं ते बापाचं सुख. तेही खोटं नव्हतं, हा माझा खरा संताप आहे.

१६ जाने., पनवेल

घरी. टॅक्सीतून उतरल्यावर वि.ने टॉवरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इथे कशाला उतरलो?" जिना चढायला तयार नाही. शेजारच्या देसाईंनी हाताला धरून वर आणलं, हसत, "काय विनायकराव, फॉरेनची हवा लागली वाटतं!" त्यांच्या फोनवरही तो व्हिडिओ पोचलाय. सगळ्यांकडे पोचलाय. कौतुकाचे फोन चालू आहेत. काका किती एनर्जेटिक!

२१ जाने.

रोज संध्याकाळी तेच. पिशवीत एक सदरा, टॉवेल, शिट्टी. दाराशी उभा. "बरंय, येतो. पनवेलला पोचायला अंधार होईल." मी सांगते, हेच पनवेल. ही भिंत तू रंगवलीस. हा तुझ्या आईचा फोटो. तो ऐकून घेतो, परक्या घरात ऐकून घेतात तसं. मग डोळे भरतात. आज चौथ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "गाडी सकाळची आहे." लगेच पिशवी ठेवली. जेवला नीट.

मला खोटं बोलता येतं आता. कन्फेशनला जायची सोय नाही, मी हिंदू.

२४ जाने.

अभिजित फोनवर. कळलं का काही? मी म्हटलं, विचार करतेय. इथे माझी भाजीवाली आहे, लायब्ररी आहे, भांडायला सोसायटी आहे. तिथे जाऊन मी कोण? आणि इथे राहिले तर तो कोण? तो तिथे पाठ ताठ करून उभा होता. इथे भिंतीला धरून चालतो.

२९ जाने.

आज सकाळीच पिशवी घेऊन दारात. खोट्याची मुदत संपली होती. मग शब्द पाळला. स्टँडवर नेलं, गाडीत बसवलं, शिरढोणपर्यंत गेलो, उतरून ऊन खाल्लं, परतीची गाडी धरली. म्हटलं, बाहेरून आत येताना तरी ओळख पटेल. खिडकीतून बघत होता. पूल, पुलावर पूल, शोरूम, टॉवर. कंडक्टरने आवाज दिला, "चला, पनवेल." उतरला. सगळीकडे बघितलं. "हे नाही," म्हणाला. राग नाही, काही नाही. चुकीच्या फलाटावर आल्यासारखं.

बाकावर बसलो. मीच थकले होते. डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी जवळ आली. "दादा, उरनची गाडी गेली का वो?"

वि. उठला. पाठ सरळ झाली, एक हात मागे गेला. "नाही मावशी. लागतेय. बसून घ्या." तिला जागा करून दिली. मग माझ्याकडे वळला. किती अदबीने!

"आणि बाई, तुम्हाला कुठे जायचंय?"

पर्समध्ये फोन थरथरत होता. अभिजित असणार, महिनाअखेर आली.

"पनवेल," मी म्हटलं.

त्याने रिकाम्या मनगटाकडे बघितलं. "पनवेलची अजून लागलेली नाही. तुम्ही बसा. लागली की मी आवाज देतो."

बसले.