कानावरून गेल्याशिवाय

दि. ६ जून

ती. ताईस,
चिमणाचा सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणताहेत? पत्र कामाचं आहे हे तू पाकीट पाहूनच ओळखलं असशील. बिनकामाचं पत्र मी लिहीतच नाही, हा तुझा जुना आरोप, आणि तो खराच आहे.

येत्या नोव्हेंबरात आपल्या संशोधन केंद्राला पन्नास वर्षं होतील. नव्या सभागृहात बिशपसाहेब मिस्सा करणार, मग भाषणं, मग इतिहासाच्या पुस्तकाचं प्रकाशन. ते पुस्तक अजून लिहायचंय. माझ्याकडचे तरुण संशोधक हुशार आहेत, पण त्यांना थोरले फादर म्हणजे जिन्यातला फोटो. चर्चमागच्या गोदामात दोन टेबलं मांडून त्यांनी मजुरांच्या, मोलकरणींच्या जगण्याचा अभ्यास कसा सुरू केला, पुढे आपले अहवाल घेऊन लोक कचेऱ्यांमध्ये कसे भांडले, हे आता तुझ्याशिवाय कोण सांगणार? तीस वर्षं तू तिथे अहवाल लिहिलेस. हाही लिही.

फक्त मीठ जरा बेतानं. तू लिहायला बसलीस की वाचणाऱ्याला ठसका लागतो.

आईच्या कबरीवरची फुलं मी बदलून आलो. माझ्यावर रागाव, पण लोभात खंड नको.

तुझा,
चिमण


दि. १९ जुलै

चि. चिमण यास,
अ. उ. आ. वि. वि.

फादरचा संचालक झाल्यापासून पत्रातूनही हुकूम सोडायची तुला सवय लागली आहे. हा हुकूम मात्र मला आवडला. गुडघे कुरकुरतात, पण लिहायला गुडघे लागत नाहीत.

पहिल्या पानावरच थोरले फादर येऊन बसले. झग्याच्या बाहीला सायक्लोस्टाइलची शाई, कानाला पेन्सिल. त्यांचा नियम मी ठळक अक्षरांत घातला आहे: ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय कागद दाराबाहेर जायचा नाही. जगात कुठली संस्था असं करत असेल? अहवाल तयार झाला की आपण तो घेऊन त्या वस्तीत जायचो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचो, आणि लोक म्हणतील ते दुरुस्त करायचो. धोबिणींवरच्या अहवालात फादरांनी 'दयनीय' लिहिलं होतं. एक म्हातारी उठून म्हणाली की हे छापलंत तर आमच्या पोरींना स्थळं कोण आणील. फादरांनी तिथेच तो शब्द खोडला आणि मरेपर्यंत पुन्हा वापरला नाही. हसून हसून मुरकुंडी वळली होती सगळ्यांची, त्यांचीसुद्धा.

आठ प्रकरणं झाली. नववं फरशीच्या कारखान्याचं. तिथली खमकी तुला आठवत असेल, वाचनाच्या वेळी दर दोन ओळींनी हात वर करायची म्हणून आपणच तिला ते नाव दिलं. ती पॉलिशला आणि तिचा नवरा दगड कापायच्या पात्यावर. भुकटीनं माणसांची छाती भरते, पात्यावर पाण्याची धार सोडली तर भुकटी उडत नाही, एवढंच त्या अहवालाचं म्हणणं होतं. वस्तीत वाचन झालं, लोकांनी बरोबर म्हटलं, आणि तरी अहवाल छापखान्यातून परत आला. तो का आला हे मला ठाऊक आहे. पण वाचनानंतर वस्तीत काय झालं ते ठाऊक नाही, मी तेव्हा आईच्या उशाशी होते. कारखान्याकडे तूच जायचास, तेव्हा आठवेल ते कळव.

वेळेवर जेवत जा. तुझा लोभ मी गृहीत धरलेला आहे.

ताई


दि. २८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हस्तलिखित एका बैठकीत वाचलं. थोरल्या फादरांच्या शेवटच्या आजारपणाचा भाग वाचताना मी चष्मा काढून ठेवला. असं लिहिणारी बहीण असल्याचा अभिमान वाटला, हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून घेशील.

नववं प्रकरण काढावं लागेल. कारखान्याचे मालक आता आपल्या विश्वस्त मंडळावर आहेत. नव्या सभागृहाची सगळी फरशी त्यांनी दिली. समारंभाला ते पहिल्या रांगेत असणार, आणि त्यांच्याच हातात आपण हे पुस्तक द्यायचं? खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. अहवाल थांबवला तो थोरले फादर गेल्यावर माझ्या आधीच्या संचालकांनी, बिशपसाहेबांच्या सल्ल्यानं. मालकांच्या देणगीतून तेव्हा इमारत उभी राहिली म्हणून पुढचे किती अभ्यास झाले, तेही बघ. एका अहवालापायी सगळं केंद्र बुडवायचं का? शिवाय पात्यावर पाणी आता आलंय. मग जुनी खपली काढून काय मिळणार?

तू विचारलंस त्या सुमाराचं मला फारसं आठवत नाही.

पोटात घेशील ना? लोभ कमी करू नकोस.

चिमण


दि. ५ सप्टेंबर

चि. चिमण यास,
अ. आ.

पोटात किती घ्यायचं यालाही माप असतं. ती फरशी मी पाहिली आहे. मला हाताला धरून तू सभागृह दाखवलंस आणि दहादा म्हणालास की ताई, जपून, घसरशील. मी घसरले नाही. घसरायचं ते दुसरंच कुणीतरी घसरलं.

पात्यावर पाणी आलं म्हणतोस. ते आलं तेव्हा ते पिऊन खोकला शमवायला पात्यावरची जुनी माणसं उरली होती का, हे विचारून ये. आणि केंद्र बुडेल ही भीती मला घालू नकोस. गोदामात छप्पर गळायचं, तेव्हा आपण अहवालांवर ताडपत्री टाकायचो आणि स्वतः भिजायचो. बुडालो नाही.

प्रकरण काढायचं की ठेवायचं हे तू ठरवू नयेस, मीही नाही. ज्यांच्यावर लिहिलं ते ठरवतील. इतिहास झाला म्हणून त्याला नियम वेगळा नाही. येत्या रविवारी मी नववं प्रकरण घेऊन फरशी वस्तीत जाते आहे. तूही ये. तुझा लोभ आहे की नाही ते तिथेच कळेल.

ताई


दि. २ ऑक्टोबर

चि. चिमण यास,
अ. आ.

तुझं उत्तर नाही आणि तू आला नाहीस. का आला नाहीस ते मला आता कळलं आहे.

वस्तीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो होतो. बायाच जास्त. पुरुष म्हणायला दोन, तेही बसल्या जागी धापा टाकणारे. मी वाचत होते. केंद्रानं अहवाल प्रसिद्ध केला नाही, या वाक्यावर खमकीचा हात वर झाला. केस पांढरे झालेत, पण हात तसाच ताठ. ती म्हणाली की वाक्य खोटं नाही, अर्धं आहे.

वाचन झाल्यावर त्यांनी काम बंद केलं होतं, चिमण. पात्यावर पाणी आल्याशिवाय दगडाला हात लावणार नाही म्हणून सगळी पाळी फाटकाशी बसली होती. मालक नरमला होता. नळवाला येऊन पाइपाचं माप घेऊन गेला होता. मग तू मोटारसायकलवरून गेलास, पांढरा झगा घालून. तू त्यांना सांगितलंस की कामावर जा, अहवाल येतोय, संपाचं पाणी चार दिवसांत आटेल, अहवालाचं कायमचं राहील, थोडं थांबा. तिचा नवरा कामावर जायला तयार नव्हता. तिनंच त्याची समजूत घातली की फादर खोटं बोलणार नाहीत, आणि डबा भरून दिला. पाणी यायच्या आधी तो गेला. शेवटी शेवटी उशीला टेकूनसुद्धा त्याला श्वास पुरत नव्हता.

हे सांगताना ती रडली नाही. रडले ती मी, आणि तिनं मला पाणी आणून दिलं. तिची दुरुस्ती एवढीच आहे: आम्हाला थांबायला सांगितलं होतं आणि आम्ही थांबलो, हे त्यात घाला.

मी आईला औषध पाजत होते आणि तू दर रविवारी येऊन सांगायचास की तिकडे सगळं शांत आहे. शांत होतंच. तूच शांत केलं होतंस. तू लबाडीनं केलंस असं मी म्हणत नाही, अहवाल तेव्हा छापखान्यात होता आणि कागदावर तुझा विश्वास होता. आपल्या सगळ्यांचाच होता. कामगार फाटकाशी बसून जे मिळवतात ते आपण लिहून मिळवून देऊ, ही घमेंड आपल्याच घरातली. पण अहवाल परत आल्यावर, आता थांबू नका, एवढं सांगायला तुझी मोटारसायकल का निघाली नाही? दर शनिवारी तू दुसऱ्यांच्या कबुल्या ऐकतोस. मला तुझा राग आलाय, आणि तू जेवलास का हेही मनात येतंय. काय करू या मनाला?

उत्तर दे.

ताई


दि. ३ नोव्हेंबर
संचालकांचे कार्यालय

मा. महोदया,
स. न. वि. वि.

केंद्राच्या इतिहासलेखनातील आपल्या योगदानाबद्दल विश्वस्त मंडळ आपले आभारी आहे. संपादन समितीच्या निर्णयानुसार पुस्तक आठ प्रकरणांचे करण्यात आले असून ते छपाईस गेले आहे. उर्वरित मजकूर केंद्राच्या मालकीचा असल्याने त्याचे जाहीर वाचन यापुढे करू नये, ही विनंती. समारंभाची निमंत्रणपत्रिका सोबत जोडली आहे. सहकार्याची अपेक्षा आहे.

आपला नम्र,
संचालक

(खाली शाईनं) ताई, थंडी पडतेय, गुडघ्यांना जप.


दि. ३० नोव्हेंबर

चि. चिमण यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मा. महोदया कोण, हे मला आधी कळेना. वाटलं पोस्टमननं शेजारणीचं पाकीट टाकलं. तू माझा मायना बदललास, मी तुझा बदललेला नाही. तुला पाळण्यात घातलं तेव्हापासून तो ठरलेला आहे, आणि कुठल्याही मंडळाला तो बदलता येणार नाही. शाईतली ओळ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. एवढी एकच ओळ माझ्या भावाची.

समारंभाला आले नाही. गुडघ्यांचं कारण सांगून टाक, लोकांना पटेल. पुस्तक मिळालं. कागद गुळगुळीत, फोटो रंगीत, थोरले फादर मुखपृष्ठावर हसताहेत. त्यांना आत काय आहे ते कुणी वाचून दाखवलं नसावं. मी ते या पत्रासोबत परत पाठवते आहे. ते कुणाच्याही कानावरून गेलेलं नाही, तेव्हा आपल्या नियमानं ते अजून दाराबाहेर पडलेलंच नाही. पुढच्या छपाईत माझं नाव काढ.

तुझी विनंती मी मोडली. काल दुरुस्त केलेलं नववं प्रकरण घेऊन वस्तीत गेले. खमकीचं वाक्य तिच्या शब्दांत घातलं आहे. सगळ्यांनी बरोबर म्हटलं. तेवढ्यापुरतं केंद्र चालू आहे असं समज, गोदाम नाही, फरशी नाही, एक म्हातारी आणि एक पत्र्याची शेड.

निघताना खमकीनं माझ्याकडे एक मागणं केलं. ते एक वाक्य तू स्वतः येऊन वाचावंस. कुणी ओरडणार नाही, कुणी तोंडाला काळं फासणार नाही, नुसतं ऐकतील आणि बरोबर असेल तर बरोबर म्हणतील. शेडमध्ये एकच खुर्ची आहे. माझे गुडघे असे असूनही त्यांनी मला काल बाकावर बसवलं आणि ती रिकामी ठेवली.

मग त्या बायांनी विचारलं की फादर कधी येतील, तोवर आम्ही थांबतो. मी त्यांना थांबू नका म्हणून सांगून आले. थांबा म्हणणारं आपल्या घरातलं एक माणूस त्यांना पुरे झालं.

तुझी,
ताई